स्थूणांच्या भारवर्तनाचे मापन

स्थूणांच्या भारवर्तनाचे मापन : इमारत, पूल, धक्का इ. बांधकामांचा भार पृष्ठालगतच्या मऊ थरांतून खालच्या भक्कम थरांपर्यंत पोहोचविण्यासाठी जमिनीत खोलवर बसविलेल्या लांब व सडपातळ स्तंभास स्थूणा (व्यवहारात पाइल) म्हणतात [→ पाया]. स्थूणेच्या माथ्यावर येणाऱ्या भारापैकी किती भार कोणत्या खोलीवर भोवतालच्या मृदेत उतरतो, किती तळापर्यंत पोहोचतो आणि या वाटणीत कालांतराने कोणते बदल होतात, हे स्थूणेच्या अंगात बसविलेल्या संवेदकांच्या साहाय्याने ठरविण्याचे तंत्र म्हणजे भारवर्तनाचे मापन होय. एकदा काँक्रीट ओतले की, स्थूणा डोळ्यांना पुन्हा दिसत नाही आणि तिच्यावर उभ्या राहिलेल्या इमारतीखालून ती बाहेर काढून तपासताही येत नाही. त्यामुळे तिच्या अंतरंगाची माहिती मिळविण्याचा संवेदक हाच जवळजवळ एकमेव मार्ग ठरतो.

मापनाची गरज : स्थूणा आपला भार दोन प्रकारे पेलते. तिच्या बाजूच्या पृष्ठभागावर मृदेचा जो विरोध होतो, त्याला पृष्ठघर्षण म्हणतात, तर तळाखालच्या मृदेच्या किंवा खडकाच्या विरोधाला तळरोध म्हणतात. हे दोन विरोध एकाच वेळी पूर्णपणे जागृत होत नाहीत. स्थूणा काही मिलिमीटर खाली सरकली की, पृष्ठघर्षण बहुधा कमाल मूल्याला पोहोचते. तळरोध पूर्णपणे जागृत होण्यासाठी मात्र व्यासाच्या सु. ५ ते १० टक्के इतके खचणे आवश्यक असते. १·२ मी. व्यासाच्या स्थूणेच्या बाबतीत हे खचणे ६० ते १२० मिमी. होईल. इतके खचणे कोणत्याही इमारतीला सहसा परवडत नाही. म्हणून नित्याच्या भाराखाली अशा स्थूणेचा बराचसा भार पृष्ठघर्षणानेच पेललेला असतो.

रूढ भारचाचणीत स्थूणेच्या माथ्यावर द्रवचालित जॅकने टप्प्याटप्प्याने भार देतात व प्रत्येक टप्प्याला माथा किती खचला, ते तबकडी मापकांनी मोजतात. जॅकची प्रतिक्रिया पेलण्यासाठी वाळूची पोती किंवा काँक्रीटचे ठोकळे रचलेला मंच अथवा बाजूच्या स्थूणांना जखडलेली तुळई वापरतात. आयएस २९११ (भाग ४) या भारतीय मानकानुसार (१९८५, सुधारित २०१३) ६०० मिमी. पर्यंत व्यासाच्या स्थूणेच्या प्रारंभिक चाचणीत, ज्या भाराला एकूण खचणे १२ मिमी. होते त्याच्या दोन-तृतीयांश, किंवा ज्या भाराला ते व्यासाच्या १० टक्के होते त्याच्या निम्मा, यांपैकी लहान भार सुरक्षित मानतात. ही चाचणी उपयुक्त असली, तरी तीतून फक्त बेरीज कळते, घटक कळत नाहीत. दोन स्थूणांचे भार–खचणे आलेख तंतोतंत सारखे असूनही एकीचा भार मुख्यतः वरच्या थरांनी व दुसरीचा तळाच्या खडकाने पेललेला असू शकतो. नदीच्या पुरात वरचा थर धुपून गेला, शेजारी खोल खोदाई झाली किंवा भोवतालची चिकणमाती खचू लागली, तर या दोन स्थूणांचे भवितव्य अगदी भिन्न होईल. बेरजेतील ही फोड करणे हे संवेदकांचे कार्य होय.

मापनाचे तत्त्व : स्थूणेच्या अंगातील भार प्रत्यक्ष मोजणारे उपकरण क्वचितच वापरले जाते. बहुतेक सर्व उपकरणे विकृती (मूळ लांबीच्या प्रमाणात होणारा लांबीतील बदल) मोजतात आणि तीवरून भार पुढील संबंधाने काढतात : भार = स्थितिस्थापकता गुणांक × छेदाचे क्षेत्रफळ × विकृती. विकृती अत्यल्प असल्यामुळे ती मायक्रोविकृती या एककात (लांबीच्या दशलक्षांश भागात) सांगतात. १·२ मी. व्यासाच्या स्थूणेच्या छेदाचे क्षेत्रफळ १·१३ चौ. मी. असते. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक ३० गिगॅपास्काल धरल्यास १ मायक्रोविकृती म्हणजे सु. ३४ किलोन्यूटन भार होतो. एका पातळीवर १५० व तिच्या ५ मी. खाली १०० मायक्रोविकृती आढळली, तर त्या पातळ्यांवरील भार अनुक्रमे सु. ५,१०० व ३,४०० किलोन्यूटन येतात. मधला १,७०० किलोन्यूटन भार त्या ५ मी. उंचीच्या पट्ट्यातील मृदेने घेतला असला पाहिजे. पट्ट्याचे पृष्ठफळ सु. १८·९ चौ. मी. असल्याने तेथील सरासरी पृष्ठघर्षण प्रती चौ. मी. स सु. ९० किलोन्यूटन ठरते. अशा रीतीने अनेक पातळ्यांवरील वाचनांवरून भार व खोली यांचा आलेख काढतात. या आलेखाचा उतार म्हणजे त्या त्या थरातील घर्षण व तळाशी उरलेला भार म्हणजे तळरोध होय.

उपकरणे : सर्वांत जुने व साधे साधन म्हणजे निदर्शक दांडा (टेल-टेल) होय. स्थूणेत ठेवलेल्या नळीतून विशिष्ट खोलीपर्यंत एक सुटा दांडा सोडतात व त्याच्या वरच्या टोकाची माथ्याच्या सापेक्ष हालचाल मोजतात. माथा व ती खोली यांमधील स्थूणेचे एकूण आखडणे यावरून कळते. मात्र त्यातून मिळणारी विकृती ही संपूर्ण लांबीची सरासरी असते.

विद्युत् रोध विकृतिमापकात विकृतीबरोबर बदलणारा बारीक तारेचा किंवा पातळ धातुपत्र्याचा विद्युत् रोध मोजतात. ताणलेल्या तारेचा रोध बदलतो, हे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५६ मध्ये दाखविले होते. पृष्ठभागावर चिकटविता येणारा विकृतिमापक मात्र १९३८ च्या सुमारास एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी अमेरिकेत स्वतंत्रपणे तयार केला. १२० ओहम रोधाच्या मापकात १०० मायक्रोविकृतीने होणारा बदल अवघा ०·०२४ ओहम असतो. त्यामुळे लांब केबलचा रोध, ओलावा व सांध्यांतील दोष यांचा वाचनावर सहज परिणाम होतो. जलद बदल टिपण्याची क्षमता हा या मापकाचा गुण असून घणाच्या आघातासारख्या क्षणिक घटनांच्या मापनासाठी तो वापरतात.

दीर्घकाळ जमिनीत राहणाऱ्या उपकरणांत कंपमान तार विकृतिमापक सर्वाधिक विश्वसनीय ठरला आहे. फ्रान्समध्ये धरणांचे अभियंते आंद्रे क्वान यांनी १९३० नंतरच्या दशकात त्याचा प्रसार केला. सतारीची तार पिळली की स्वर चढतो व सैल केली की उतरतो, हेच त्याचे तत्त्व होय. एका बंद नळीत पोलादी तार ताणून बसवितात व विद्युत् चुंबकाने तिला छेडून तिची कंप्रता (दर सेकंदास होणारी कंपनसंख्या) मोजतात. काँक्रीट आखडले की, तारेचा ताण कमी होऊन कंप्रता उतरते. १५ सेंमी. लांबीची तार सु. ८५० हर्ट्‌झने कंप पावत असेल, तर १०० मायक्रोविकृती एवढ्या आखडण्याने तिची कंप्रता सु. १७ हर्ट्‌झने घटते. विकृतीतील बदल हा कंप्रतेच्या वर्गातील बदलाच्या सम प्रमाणात असतो. मोजावयाची राशी कंप्रता असल्यामुळे केबलची लांबी किंवा तिचा रोध यांमुळे वाचन बिघडत नाही.

अलीकडील दशकांत प्रकाशकीय तंतूंचा वापर वाढला आहे. १९७८ मध्ये केनेथ हिल व त्यांचे सहकारी यांना कॅनडात तंतूच्या गाभ्यात प्रकाशाने जालक निर्माण करता येते, असे आढळले. या जालकाकडून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी विकृतीनुसार बदलते. दुसऱ्या प्रकारात तंतूच्या संपूर्ण लांबीतून परत येणाऱ्या ब्रिल्वाँ प्रकीर्णनाची कंप्रता तपासतात. त्यामुळे ठराविक पातळ्यांवरील मोजक्या बिंदूंऐवजी स्थूणेच्या सबंध लांबीवर विकृतीचा सलग आलेख मिळतो व काँक्रीटमधील स्थानिक दोषही लक्षात येतात. वरील सर्व उपकरणांवर तापमानाचा परिणाम होतो. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी तापमानाचीही नोंद घ्यावी लागते.

मांडणी : जागीच ओतलेल्या स्थूणेत विकृतिमापक सळ्यांच्या पिंजऱ्याला बांधतात. सु. १२ मिमी. व्यासाच्या व १ मी. पेक्षा थोड्या अधिक लांबीच्या सळईच्या मध्यभागी मापक बसवून ती जोडसळई मुख्य सळईलगत बांधण्याची पद्धत रूढ आहे. एका पातळीवर किमान दोन मापक व्यासाच्या दोन टोकांना समोरासमोर असावे लागतात. भार थोडाही मध्याबाहेर असला, तर स्थूणा वाकते व एका बाजूचे आखडणे वाढून दुसरीकडचे घटते. दोहोंच्या सरासरीने हा परिणाम नाहीसा होतो. दोहोंपैकी एक मापक बंद पडला, तर उरलेल्याचे वाचन भारासाठी निरुपयोगी ठरते. म्हणून मोठ्या स्थूणांत प्रत्येक पातळीवर चार मापक बसवितात. पिंजरा उचलताना, वेधात उतरविताना व ट्रेमी नळाने काँक्रीट ओतताना केबली तुटण्याचा धोका सर्वाधिक असतो. माथ्यालगत, जेथे मृदेचा स्पर्श नसतो, अशी एक पातळी अंशशोधनासाठी राखून ठेवतात. तेथील भार जॅकच्या भाराएवढाच असल्यामुळे विकृती व भार यांचे गुणोत्तर थेट मिळते. जॅकमधील द्रवाच्या दाबावरून काढलेला भार घर्षणामुळे सदोष असू शकतो. त्यामुळे जॅकवर स्वतंत्र भारमापक ठेवणे आवश्यक असते.

वाचनांचा अर्थ लावणे : मापक अचूक असला, तरी भार अचूक निघेलच असे नाही. काँक्रीटचा स्थितिस्थापकता गुणांक मिश्रण, वय व विकृतीची पातळी यांनुसार बदलतो. तो २५ ऐवजी ३० गिगॅपास्काल धरला, तर काढलेला भार २० टक्क्यांनी फुगतो. वेधाच्या भिंती ढासळल्याने १·२ मी. व्यास एखाद्या ठिकाणी १·३ मी. झाला असेल, तर क्षेत्रफळ १७ टक्क्यांनी वाढते आणि तेथे विकृती कमी आढळून मृदेने अधिक भार घेतल्याचा आभास निर्माण होतो. म्हणून वेधाचा व्यास आधी मोजून ठेवतात. भाराच्या लागोपाठच्या टप्प्यांतील भारवाढ व विकृतीवाढ यांच्या गुणोत्तराचा आलेख काढणे, हा दुसरा उपाय होय. मापकाच्या वरचे सर्व घर्षण पूर्णपणे जागृत झाल्यानंतर भाराची पुढील प्रत्येक वाढ मापकापर्यंत जशीच्या तशी पोहोचते आणि ते गुणोत्तर छेदाचे खरे दार्ढ्य दर्शविते.

शेषभार : यापेक्षा गंभीर चूक आरंभीच्या वाचनात दडलेली असते. चाचणी सुरू करण्यापूर्वीचे वाचन शून्य धरण्याची प्रथा आहे. परंतु त्या वेळी स्थूणा भारमुक्त असतेच असे नाही. घणाने ठोकलेली स्थूणा प्रत्येक आघातानंतर वर उसळू पाहते. तिच्या वरच्या भागाभोवतालची मृदा तिला खाली दाबून धरते व तळाखालची मृदा दाबलेल्या अवस्थेत राहते. अशा रीतीने माथ्यावर काहीही भार नसताना अंगात अडकून राहिलेल्या भाराला शेषभार म्हणतात. वेधन करून ओतलेल्या स्थूणेतही काँक्रीटचे तापणे व थंड होणे, त्याचे आकुंचन व भोवतालच्या मृदेचे खचणे यांमुळे अशा विकृती उत्पन्न होतात. एखाद्या स्थूणेच्या तळाशी ४०० किलोन्यूटन शेषभार आहे, असे समजू. माथ्यावर ३,००० किलोन्यूटन भार दिला असता तळाचा मापक ६०० किलोन्यूटन वाढ दाखवील व त्यावरून पृष्ठघर्षण २,४०० किलोन्यूटन आहे, असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात तळाशी १,००० व घर्षणात २,००० किलोन्यूटन भार असतो. बेरीज दोन्ही हिशेबांत बरोबर असल्याने चूक सहज लक्षात येत नाही. दाबाखालील स्थूणेला तिचा फारसा उपद्रव होत नाही. परंतु याच आकड्यावरून विद्युत् मनोऱ्याची किंवा भूजलाच्या उत्प्लावक दाबाने वर ढकलल्या जाणाऱ्या तळघराची स्थूणा अभिकल्पिली, तर तिची ओढरोधक क्षमता वास्तवापेक्षा अधिक धरली जाते व बांधकाम धोक्यात येते.

अमेरिकेत आर्कॅन्सॉ नदीवरील बांधकामाच्या वेळी घेतलेल्या चाचण्यांचे विश्लेषण करताना ए. एच. हंटर व एम. टी. डेव्हिसन यांनी १९६९ मध्ये दाब व ओढ या दोन्ही चाचण्यांची वाचने एकत्र मांडून शेषभार काढण्याची रीत दाखविली. ओढ चाचणीत तळाचा मापक ताण दाखवू लागला, तर ती गोष्ट अशक्य आहे, कारण वाळू स्थूणेच्या तळाला खाली ओढून धरू शकत नाही. तो ताण म्हणजे पूर्वीचा अडकलेला दाब सुटत असल्याची खूण होय.

शेषभाराकडे दुर्लक्ष झाल्याने एक सबंध सिद्धांतच रूढ झाला होता. वाळूत काही खोलीनंतर पृष्ठघर्षण व तळरोध वाढेनासे होतात, असे १९६० नंतरच्या दशकातील अनेक चाचण्यांवरून वाटले व त्या खोलीला चरम खोली असे नाव देण्यात आले. ही संकल्पना पाठ्यपुस्तकांत व अभिकल्पाच्या नियमांत शिरली. बी. एच. फेलेनियस व ए. अल्ताई यांनी १९९५ मध्ये असे दाखवून दिले की, पूर्ण आकाराच्या स्थूणांच्या चाचण्यांत शेषभार न धरणे व लहान प्रतिकृतींवरील निष्कर्ष प्रत्यक्ष स्थूणांना लावणे यांतून हा आभास निर्माण झाला होता. शेषभारामुळे वरच्या भागातील घर्षण खऱ्यापेक्षा अधिक व खालच्या भागातील कमी दिसते. साहजिकच खोलीबरोबर होणारी वाढ थांबल्यासारखी वाटते.

ऋण पृष्ठघर्षण : भोवतालची मृदा स्थूणेपेक्षा अधिक खचू लागली की, घर्षणाची दिशा उलटते व मृदा स्थूणेला आधार देण्याऐवजी तिच्यावरच लोंबकळते. नॉर्वेच्या भूतांत्रिकी संस्थेने १९६० नंतरच्या दशकात ऑस्लो बंदराजवळ सोरेंगा येथे ५० मी. हून अधिक जाडीच्या मऊ चिकणमातीतून खडकापर्यंत नेलेल्या पोलादी स्थूणांचे आखडणे निदर्शक दांड्यांनी मोजले. भोवती घातलेल्या भरावाने चिकणमाती खचल्यामुळे, माथ्यावर इमारत नसतानाही स्थूणेत सु. ४,००० किलोन्यूटन भार निर्माण झाल्याचे आढळले. डांबराचा पातळ थर दिलेल्या स्थूणेत हा भार त्याच्या अल्पांशाने होता. स्वीडनमध्ये गोटेबॉर्गजवळ पूर्वनिर्मित काँक्रीटच्या स्थूणांत बसविलेल्या भारमापकांवरून तर असे दिसले की, भराव नसतानाही केवळ ठोकताना ढवळली गेलेली चिकणमाती पुन्हा दृढ होताना स्थूणेवर भार चढत जातो.

द्विदिश चाचणी : मोठ्या स्थूणांच्या चाचणीसाठी हजारो टनांचा मंच रचणे खर्चाचे व धोक्याचे असते. यावर उपाय म्हणून ब्राझीलमध्ये पेद्रो एलिसिओ यांनी १९८३ मध्ये व अमेरिकेत जॉर्ज ऑस्टरबर्ग यांनी त्याच सुमारास जॅक स्थूणेच्या आतच बसविण्याची पद्धत पुढे आणली. जॅक फुगविल्यावर वरचा भाग वर व खालचा भाग खाली ढकलला जातो आणि दोन्ही भाग एकमेकांची प्रतिक्रिया पेलतात. १०,००० किलोन्यूटनच्या जॅकने अशा रीतीने स्थूणेची एकूण २०,००० किलोन्यूटनपर्यंतची क्षमता तपासता येते. मात्र एक भाग आधी सरकला, तर दुसऱ्याची कमाल क्षमता अज्ञात राहते. म्हणून जॅकची जागा विचारपूर्वक ठरवितात व दोन्ही भागांत विकृतिमापक बसवितात.

गतिकीय चाचणी : माथ्यालगत दोन विकृतिमापक व दोन त्वरणमापक लावून घणाचा आघात केला असता काँक्रीटमधून सेकंदास सु. ४,००० मी. वेगाने तरंग खाली जातो व मृदेच्या विरोधामुळे त्याचा काही अंश परत येतो. या परतीच्या तरंगाच्या विश्लेषणाने धारणक्षमतेचा अंदाज करता येतो. अमेरिकेत केस संस्थेत १९६० नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित झाली. ती स्वस्त व जलद असली, तरी तिची स्थिर भारचाचणीशी पडताळणी करणे इष्ट असते.

उपयोग : मुंबईच्या किनारी भागात भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती व तिच्याखाली बेसाल्ट, ब्रेशिया व टफ हे कमीअधिक कुजलेले खडक आढळतात. अशा ठिकाणी स्थूणा खडकात काही खोलीपर्यंत रोवतात व त्या खोबणीतील घर्षण किती धरावे, हा अभिकल्पातील कळीचा प्रश्न असतो. वेधाच्या तळाशी गाळ राहिला असेल, तर तळरोध कागदावरच राहतो. वांद्रे-वरळी सागरी सेतूच्या (२००९) पायासाठी ऑस्टरबर्ग पद्धतीने चाचण्या करण्यात आल्या. दुबई येथील बुर्ज खलिफा (२०१०) या इमारतीच्या १·५ मी. व्यासाच्या घर्षणस्थूणांची सु. ३,००० टन अभिकल्पित भारासाठी त्याच्या दुपटीपर्यंत चाचणी झाली होती. जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे २५६ मी. उंचीच्या मेसेटुर्म इमारतीच्या पायात बसविलेल्या उपकरणांवरून भाराचा साधारण निम्मा भाग ६४ स्थूणांनी व उरलेला त्यांवरील तराफा पायाने थेट मृदेवर पेलल्याचे दिसून आले. अशा मापनांमुळेच स्थूणा व तराफा यांच्या संयुक्त पायाचा काटकसरीने अभिकल्प करणे शक्य झाले.

भारवर्तनाच्या मापनाचे मूल्य मापकांच्या संख्येपेक्षा नोंदींच्या पूर्णतेवर अवलंबून असते. मापक कारखान्यातून आला तेव्हाचे, पिंजऱ्याला बांधल्यानंतरचे, काँक्रीट ओतण्यापूर्वीचे व नंतरचे आणि चाचणीच्या आदल्या दिवसांतील वाचन, त्या त्या वेळचे तापमान आणि वेधाचा मोजलेला व्यास या सर्वांची नोंद असल्यासच शेषभाराचा हिशेब करता येतो. यांपैकी एखादे वाचन राहून गेले, तर ते नंतर कोणत्याही उपायाने मिळविता येत नाही. चाचणी संपल्यावरही केबली सुरक्षित ठेवून बांधकामाच्या काळात व त्यानंतरची काही वर्षे वाचने घेत राहिल्यास मृदेकडून येणारा भार व काँक्रीटचे विसर्पण (सतत भाराखाली हळूहळू होणारे आखडणे) यांविषयी अशी माहिती मिळते की, जी काही तासांच्या चाचणीतून मिळू शकत नाही.